खोका, गिळा, श्वास घ्या

अध्यापन-रुग्णालयात कोणाचे स्थान कोठे, हे जाणून घेण्यास दरबारी शिष्टाचाराचा ग्रंथ उघडावा लागत नाही. सकाळी नऊच्या सुमारास वॉर्डाच्या दाराशी उभे राहून राउंडचा क्रम पाहिला की पुरे. अग्रभागी युनिटचे प्रमुख, ज्यांच्या पावलांची चाहूल लागताच सिस्टरांच्या टेबलावरील बिस्किटांचा पुडा आपोआप खणात जातो. त्यांच्या उजव्या-डाव्या अंगास सहयोगी प्राध्यापक आणि व्याख्याते. त्यांमागे झोपेच्या निरनिराळ्या अवस्थांत असलेले निवासी डॉक्टर, ज्यांपैकी पहिल्या वर्षाच्या निवाशाच्या हाती सर्व केसपेपर, खिशात रक्ताच्या सर्व नळ्या आणि माथी सर्वांच्या चुका असतात. त्यांमागे इंटर्न, ज्याचा देह वॉर्डात आणि चित्त पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नसंचात असते. आणि या सर्वांच्या पिछाडीस, ज्या चिंचोळ्या जागेतून ड्रेसिंगच्या ट्रॉलीस जावयाचे असते नेमक्या त्याच जागेत, पांढऱ्या अॅप्रनांचा एक घोळका उभा असतो. हा एमबीबीएसचा विद्यार्थी होय. सर्जन आले नाहीत तर शस्त्रक्रिया खोळंबते, सिस्टर आल्या नाहीत तर इंजेक्शने खोळंबतात, आणि मावशी आल्या नाहीत तर सबंध रुग्णालयच खोळंबते. विद्यार्थी आला नाही तर त्याची स्वतःची हजेरी तेवढी बुडते.

आणि तरीही हा सगळा खटाटोप, निदान कागदोपत्री, त्याच्याचसाठी मांडलेला असतो. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली स्थापन झाले आणि १८५१ साली भाऊ दाजी लाड यांच्यासारखे तरुण तेथून पहिली पदवी घेऊन बाहेर पडले. १९२६ साली परळास सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले, तेव्हा शिक्षक भारतीयच असले पाहिजेत अशी अट देणगीदारांनी घातली होती. १९४६ साली पुण्यातील बी. जे. मेडिकल स्कूलचे कॉलेज झाले आणि ससूनच्या वॉर्डांतील अॅप्रनांची संख्या वाढली. शिक्षक कोणी असावे यासंबंधी एवढा विचार पूर्वसूरींनी केला असला, तरी माझे निरीक्षण निराळे आहे. ज्यांची नावे खात्याच्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली असतात ते विद्यार्थ्यास प्रश्न विचारतात. त्याला शिकविणारे लोक दुसरेच असतात, त्यांचे नाव कोणत्याही फलकावर नसते, आणि त्यांपैकी बहुतेक जण खाटेवर पडून असतात.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. तो दुहेरी आहे. एक म्हणजे आमचे भाचेमहाशय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्यावर वसतिगृहात खोली मिळेपर्यंत आमच्याच घरी राहिले. आणि दुसरे म्हणजे पुढे काही वर्षांनी मला अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा, विकार जडून त्यांच्याच रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात बराच काळ मुक्काम करण्याचा योग आला. म्हणजे हा प्राणी मी प्रथम घरात पाहिला आणि मग त्याच्या अरण्यात.

घरातील पर्वाचा आरंभ हाडांनी झाला. प्रथम वर्षाचा विद्यार्थी वरच्या वर्गातील कोणा विद्यार्थ्याकडून हाडांचा अर्धा संच विकत घेतो, कारण मनुष्याची डावी बाजू व उजवी बाजू सारखीच असल्यामुळे पूर्ण संच घेणे हा उधळेपणा समजला जातो. भाच्याने तो संच एका कापडी पिशवीतून आणून पलंगाखाली सारला. ही वार्ता माझ्या मातोश्रींपर्यंत पोचण्यास दुपार उजाडावी लागली नाही. सोवळ्याओवळ्याच्या त्यांच्या नियमावलीत मांडीचे हाड घरात आल्यास काय करावे याची तरतूद नव्हती, म्हणून त्यांनी प्रथम गोमूत्र शिंपडले, नंतर पिशवी गच्चीच्या जिन्याखाली हलविण्याचा हुकूम काढला, आणि शेवटी भाच्यास एकच प्रश्न विचारला: "कुणाची रे ही?" त्याला टिबिया, फिब्युला, त्यांवरील प्रत्येक खाच, खळगा व उंचवटा आणि त्यास चिकटणारा स्नायू हे सर्व पाठ होते, परंतु या प्रश्नाचे उत्तर ना त्याच्याजवळ होते, ना १८५८ सालापासून हे शास्त्र शिकवीत आलेल्या ग्रेच्या ग्रंथात. सर्वपित्री अमावास्येस आमच्या घरी पानाबाहेर एक घास अधिक काढला गेला. कोणासाठी, ते आईने सांगितले नाही, परंतु तो जिन्याच्या दिशेस ठेवलेला होता. विच्छेदनशाळेतील देह १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यान्वये येतात किंवा स्वेच्छेने दान केलेले असतात, आणि हल्ली विद्यार्थी पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर शपथही घेतात, असे भाच्याने आजीस समजावून सांगितले. त्यावर तिने, कायद्यात घासाचे काही लिहिले आहे का, अशी पृच्छा केली.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास जिवंत मनुष्याविषयी काहीही माहिती नसते. नातेवाइकांस मात्र हे ठाऊक नसते. कॉलेजात जाऊन पुरता एक महिना झाला नसता लग्नाच्या मांडवात भाच्यास वेढा पडू लागला. एका काकूंचे गुडघे, दुसऱ्या मामांची साखर, आणि एका दूरच्या आजोबांचे असे एक दुखणे, की ज्यासाठी त्याला मांडवामागे नेण्यात आले. गुडघ्याच्या सांध्यात किती अस्थिबंध असतात हे त्याने काकूंना तपशीलवार सांगितले. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या पंगतीत बसताना, "पोरगं हुशार आहे, पण औषध नाही सांगत," असा दाखला दिला.

पुढे यथावकाश त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आला. हे उपकरण १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक नावाच्या वैद्याने काढले, ते केवळ संकोचापायी. समोर तरुण व स्थूल स्त्री-रुग्ण, छातीस कान लावणे तत्कालीन रीत असली तरी प्रशस्त दिसेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून ती मध्ये धरली, आणि हृदयाचे ठोके कानाने ऐकू येत त्याहून स्पष्ट ऐकू आले. संकोच हीच ज्याची जननी, ते यंत्र आमच्या भाच्याने मात्र विलक्षण निःसंकोचपणे वापरले. ते गळ्यात घालून तो बसमधून जाई, वाण्याकडे जाई, आणि एकदा तर दाढी करावयासही त्याच वेषात जाऊन बसला. दुसरा नाद ठोकण्याचा. डाव्या हाताचे मधले बोट टेकवून त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाने मनगटातून हलका आघात करावयाचा आणि आत हवा आहे, पाणी आहे की मांस आहे हे नादावरून ओळखावयाचे, ही ती युक्ती; ठोकून नाद ऐकण्याची मूळ कल्पना औएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ साली प्रसिद्ध केली. त्याच्या वडिलांची खानावळ होती आणि तळघरातील पिंपे ठोकून मद्य कोठवर आहे हे पाहण्याची त्यास लहानपणापासून सवय होती, असे सांगतात. भाच्याने टेबल ठोकले, भिंत ठोकली, झोपलेल्या धाकट्या भावाची पाठ ठोकली, आणि अखेरीस स्वयंपाकघरात शिरून तांदूळ, गहू व हरभऱ्याची डाळ यांची पातळी झाकण न उघडता बिनचूक सांगितली. वैद्यकशिक्षणाचा घरास झालेला हा पहिला उपयोग होता, आणि माझ्या पत्नीने वाण्याची यादी करताना तो पुष्कळ दिवस करून घेतला.

आता अरण्याकडे वळू. शस्त्रक्रिया विभागाच्या पुरुष वॉर्डात मला कोपऱ्यातील खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर गळ्याशी लिंबाएवढी गाठ घेऊन आलेले, मावळातील एक वयस्क शेतकरी होते. सारा वॉर्ड त्यांना आबा म्हणे. पहिल्या सकाळी राउंड आटोपून वरिष्ठ मंडळी शस्त्रक्रियागृहाकडे गेली आणि घोळका वॉर्डातच उरला. त्यातील एक कृश मुलगा माझ्यापाशी येऊन अत्यंत अदबीने म्हणाला, "काका, तपासू का?" मी होकार दिला. तो म्हणाला, "खोका." अंतर्गळाचे मुख्य लक्षण असे की, रुग्ण खोकला असता त्या जागेवर ठेवलेल्या बोटांस आतून धक्का जाणवतो. मी खोकलो. त्याने मान डोलावली, आणि मागे वळून पाहिले. मागे रांग होती. सर्दीपडशाची सुतराम बाधा नसताना मी त्या सकाळी जेवढा खोकलो, तेवढा डांग्या खोकल्याच्या लहानपणीच्या साथीतही खोकलो नसेन. शेजारी त्याच वेळी निराळा कार्यक्रम चालू होता. गळ्याची गाठ थायरॉइड ग्रंथीची असेल तर गिळताना ती वर सरकते, तेव्हा आबांच्या हातात पेला, मागे एक विद्यार्थी त्यांच्या मानेस दोन्ही हात लावून उभा, समोर दुसरा वाकून पाहत असलेला, आणि आज्ञा एकच: "गिळा." खोका, गिळा, खोका, गिळा, असा तो पाठ बारा वाजेपर्यंत चाले. दुपारी आबा एक घोट पाण्यास शिवत नसत.

परंतु लक्षात येण्याजोगी गोष्ट अशी की, दोन-तीन सकाळी गेल्यावर आज्ञा आम्ही देऊ लागलो. एका विद्यार्थिनीने आबांच्या समोरूनच गळा दाबून पाहण्यास आरंभ केला, तेव्हा आबा म्हणाले, "पोरी, मागं जा. मागनं बघत्यात. आन् आधी पानी माग की. तुमचं सर पयलं त्येच इचारत्यात, पानी कुटंय म्हनून." माझ्या बाबतीत, अंतर्गळ तपासताना रुग्णास उभे करावे लागते ही गोष्ट घोळक्यातील निम्म्या जणांस आठवत नसे. प्रमुखांनी एकास त्यावरून झाडले, ते मी ऐकले होते. तेव्हापासून नवा विद्यार्थी आला की मी आपण होऊन खाटेवरून उतरून उभा राही, आणि त्याने दुसरी बाजू न पाहताच कागद आवरते घेतले तर हलकेच खाकरे.

विद्यार्थ्याची खरी फजिती तपासण्यात नसते, कैफियत लिहून घेण्यात असते. पुस्तकाचा शिरस्ता असा की, तक्रारी कालानुक्रमाने लिहाव्यात, प्रत्येकीचा आरंभ, मुदत व चढउतार नोंदवावा, मग पूर्वीचे आजार, मग सवयी, मग कुटुंब. रुग्णाचा काल निराळ्या पंचांगावर चालतो. माझ्या समोरच्या खाटेवर पोटदुखीचे एक गृहस्थ होते; त्यांची जबानी मी अनेकवार ऐकली.

"कधीपासून दुखतंय?"

"ज्वारी काढली तवापास्नं."

"ज्वारी कधी काढली?"

"औंदा जरा उशिराच काढली."

विद्यार्थी मुंबईचा होता. त्याने वहीत 'ज्वारी' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले. लातूरकडची एक मुलगी शेजारी उभी होती; तिने मनातल्या मनात हिशेब करून "दोन महिने" असे सांगितले, आणि त्या क्षणापासून त्या तुकडीत तिची प्रतिष्ठा वाढली. दहावी-बारावीस तिचे इंग्रजी ऐकून जी मुले हसली असतील, ती वॉर्डात तिच्या मागे उभी राहू लागली. याच्याही पलीकडची अवस्था अखिल भारतीय कोट्याच्या शेकडा १५ जागांवर जे विद्यार्थी परप्रांतातून येतात त्यांची. केरळातील एका मुलाने मराठीतील तीन वाक्ये कमावली होती: "दुखतं का?", "श्वास घ्या" आणि "धरून ठेवा." चौथे वाक्य त्याला ऐन वेळी आठवत नसे. एक पैलवान रुग्ण आज्ञाधारकपणे श्वास धरून बसला, त्याचा चेहरा जांभळा होऊ लागला, आणि अखेरीस वॉर्डातील मामांनी फडक्याने खिडकी पुसता पुसताच "सोड रे बाबा" असे सांगून त्यास मोकळे केले.

पूर्वीच्या आजाराचे प्रकरण तर सर्वांत गहन. विद्यार्थी विचारतो, "याआधी काही मोठा आजार? ऑपरेशन?" रुग्ण म्हणतो, "काय बी न्हाई." विद्यार्थी "विशेष नाही" असे सुवाच्य अक्षरांत लिहितो. तासाभराने प्रमुख येतात, तोच प्रश्न विचारतात, आणि तोच रुग्ण हात जोडून सांगतो, "सायेब, गेल्या साली हितंच की पोट फाडलं माजं! तुमीच तर हुता." प्रमुख विद्यार्थ्याकडे पाहतात. विद्यार्थी रुग्णाकडे पाहतो. रुग्ण कोणाकडेच पाहत नाही. यात रुग्णाचा कावा नसतो. विद्यार्थ्यास सांगून उपयोग काय, ते सांगावे तर मोठ्यांना, एवढाच त्याचा सरळ व्यवहार असतो. स्त्रियांच्या वॉर्डातील व्यसनांची नोंदही अशीच. "तंबाखू?" "छ्या!" "मिसरी लावता?" "ती लावते की. मिसरी काय व्यसन हाय व्हय?"

शरीरतपासणीचा आरंभ मात्र सर्वांस मुखोद्गत असतो. पॅलर नाही, इक्टेरस नाही, सायनोसिस नाही, क्लबिंग नाही, लिम्फॅडेनोपॅथी नाही, एडिमा नाही, ही नकारांची माळ विद्यार्थी संध्येतील चोवीस नावांप्रमाणे एका श्वासात म्हणतो, आणि मुंजीनंतरच्या बटूइतकेच त्याचे लक्ष अर्थाकडे असते. आमच्या युनिटच्या प्रमुखांस ही गोष्ट पुरती ठाऊक होती. एकदा राउंडच्या वेळी ते माझ्या खाटेपाशी थांबले, मला निजावयास सांगितले, आणि घोळक्यास म्हणाले, "प्लीहा बघा. किती बोटं आहे?" प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, निरोगी माणसात हातास लागत नाही; ती दुपटी-तिपटीने वाढली तरच बरगडीखालून बोटास स्पर्शते, आणि बरगडीखाली किती बोटे आली त्यावर तिचे माप सांगण्याची वहिवाट आहे. पहिल्या मुलाने उजव्या ओटीपोटापासून चाचपत डाव्या बरगडीपर्यंत येऊन गंभीर मुद्रेने "दोन बोटं, सर" असे सांगितले. दुसऱ्याने दोन सांगितले. तिसऱ्याने अडीच सांगितले. त्यानंतर अडीचवर एकमत होत चालले असता लातूरची मुलगी आली, तिने पुष्कळ वेळ चाचपले, माझ्याकडून श्वासही पुनःपुन्हा घेवविला, आणि अपराधी स्वरात म्हणाली, "मला लागत नाही, सर." प्रमुख म्हणाले, "मलाही लागत नाही. हे हर्नियाचे पेशंट आहेत." ते पुढच्या खाटेकडे निघून गेले. अडीचवाले क्षणभर तेथेच उभे होते, आणि ट्रॉली त्यांच्यामागे अडली होती.

इतर विभागांतील दिवसांची हकीगत भाच्याकडून कळत असे. शस्त्रक्रियागृहात विद्यार्थ्यास पहिली आज्ञा "कशालाही हात लावू नको" ही असते, म्हणून तो दोन्ही हात छातीशी जोडून उभा राहतो. त्याला रुग्ण दिसत नाही, सर्जनांची पाठ दिसते. नशीब फळफळले तर हात धुऊन रिट्रॅक्टर धरावयास मिळतो. मग तास दोन तास तो लोखंडी आकडा खेचून धरावयाचा, आणि तेवढ्या जवळ जाऊनही दिसते ते सर्जनांचे कोपरच. प्रसूतिगृहात विद्यार्थी पुस्तक उघडून सांगतो की पहिलटकरणीची पहिली अवस्था सुमारे १२ तास चालते, मावशी बादली घेऊन जाता जाता दारातून एकदा आत पाहतात आणि म्हणतात, "हातमोजं घाला, आत्ता हुनार." पुस्तक मिटण्यापूर्वी बाळ रडते. त्वचारोगाच्या पोस्टिंगमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या अंगावर काहीतरी दिसू लागते. मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये रोग स्वतःस होत नाही, नातेवाइकांस होतो, आणि त्या पंधरवड्यात भाचा माझ्याकडे ज्या सहानुभूतीने पाहत असे ती मला अद्याप विसरता आलेली नाही.

सामाजिक वैद्यकशास्त्र या विषयावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या विश्वविद्यालयांस परदुःखाची कणव आली म्हणजे ती फॉर्म छापते. विद्यार्थ्यास वस्तीतील एक कुटुंब नेमून देण्यात येते. तेथे जाऊन त्याने खोलीचे क्षेत्रफळ मोजावे, माणसे मोजावीत, खिडक्या मोजाव्यात, दाटी आहे की नाही हे कोष्टकावरून ठरवावे, आदल्या दिवशीच्या भाकरी मोजून त्यांचे उष्मांक काढावेत, आणि पाण्यात क्लोरिन आहे किंवा कसे ते पाहावे. पाण्यात ब्लीचिंग पावडर किती घालावी हे ठरविण्यास हॉरॉक्सचे उपकरण असते, त्यात सहा पांढरे पेले असतात, आणि ते परीक्षेत हमखास विचारतात. भाचा टेप घेऊन ज्या घरी गेला, तेथील बाई भांडी घाशीत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, "दहा बाय दहा. खिडकी नाही. माणसं सात. गेल्या वर्षीच्या मुलींनी पण हेच लिहून नेलं, त्याच्या आधीच्या पोरांनी पण. खिडकी अजून आली नाही." मग त्यांनी त्याला चहा दिला, आणि फॉर्मवर जेथे कुटुंबप्रमुखाची सही लागते तेथे, न विचारता, अंगठ्याऐवजी टापटिपीने सही केली. भाच्यास त्या पाहणीत उत्तम गुण मिळाले. खिडकीविषयी रकाना होता. ती करून देण्याविषयी नव्हता.

माझ्या शस्त्रक्रियेची तारीख या ना त्या कारणाने पुढे जात होती. एके दिवशी व्याख्याते माझ्या खाटेशी बसून फारच गोड बोलू लागले, तेव्हा मला संशय आला. पुढल्या आठवड्यात विद्यापीठाची परीक्षा होती, बाहेरगावचे परीक्षक येणार होते, आणि माझा अंतर्गळ, त्यांच्या शब्दांत, "फार क्लासिकल" होता. तो परीक्षेपर्यंत तसाच ठेवण्यास माझी हरकत नसावी, अशी ती विनंती होती. आयुष्यात माझ्या कोणत्याही गुणाला कोणी अभिजात म्हटले नव्हते. मी रुकार दिला. आबांनीही दिला.

परीक्षेच्या हंगामात रुग्णालयात जी गजबज होते ती पाहण्यासारखी असते. वर्षानुवर्षे झडप आकसलेले, एका अंगाने लुळे पडलेले, यकृत वाढलेले असे जुने जाणते रुग्ण निरोप पाठवून बोलाविले जातात आणि खाटांवर मांडले जातात. वैद्यक विभागातील अशा एका बाईंची ख्याती भाच्याने सांगितली होती. हृदयाच्या डाव्या बाजूची, ज्यास मायट्रल म्हणतात ती झडप अरुंद झाली म्हणजे होणारा ध्वनी अतिशय मंद असतो. रुग्णास डाव्या कुशीवर वळवून, पूर्ण श्वास सोडावयास लावून, स्टेथोस्कोपच्या घंटेच्या बाजूनेच तो ऐकावा लागतो. घामाघूम झालेला परीक्षार्थी सरळ निजलेल्या बाईंच्या छातीवर पडद्याची बाजू लावून हताश होऊ लागला की, बाई छताकडे पाहत पुटपुटत, "डावीकडं वळू का? उलटी बाजू लाव, बाळा." कित्येक डॉक्टर आज महाराष्ट्रात त्या कुशीच्या जोरावर व्यवसाय करीत आहेत.

माझ्या वाट्यास प्रथम तोच कृश मुलगा आला. त्याचे हात बर्फाएवढे गार होते आणि शब्द फुटत नव्हता. मी उभा राहिलो. उभा राहिलो हे पाहून त्याला धीर आला. मग त्याने खोकावयास सांगितले. मी मनापासून खोकलो. त्यानंतर तो थांबला. एक परीक्षा राहिली होती: आतल्या छिद्रावर अंगठ्याने दाब ठेवून पुन्हा खोकावयास सांगावयाचे, गाठ आली नाही तर अंतर्गळ एका जातीचा, आली तर दुसऱ्या. त्याच्या अंगठ्याकडे पाहत मी हळूच म्हणालो, "दाबून धर, मग मी खोकतो." शेजारी आबांनी पाणी मागण्यापूर्वीच पेला उचलून ठेवला होता. परीक्षक आले, त्यांनी त्या मुलास निदान विचारले, आणि त्याने उजव्या-डाव्यासह ते असे खणखणीत सांगितले, की सर्व मंडळी त्याच्याकडे पाहू लागली. फक्त परीक्षक माझ्याकडे पाहत होते.

शस्त्रक्रिया झाल्यावर माझी लोकप्रियता एका रात्रीत ओसरली. नव्या तुकडीतील एक मुलगा टाके ताजे असताना येऊन "खोका" म्हणाला, तेव्हा सिस्टरांनी त्यास वॉर्डाबाहेर घालविले, आणि मला त्याच्याबद्दल किंचित वाईट वाटले.

वाचकांपैकी कोणावर अशा रुग्णालयात निजण्याचा प्रसंग आलाच, तर माझी त्यांस विनंती आहे. घोळका आला म्हणजे पांघरूण ओढून घेऊ नये. हात गार असल्यास ते चोळून घेण्यास सांगावे, परंतु परत पाठवू नये. उभे राहा म्हटले नाही तरी उभे राहावे, पूर्वी ऑपरेशन झाले असल्यास ते मोठ्या साहेबांसाठी राखून न ठेवता पोरांनाच सांगावे, आणि पाणथरी वाढलेली नसेल तर तसे स्पष्ट सुचवावे. निदान कानी पडले असेल तर परीक्षेच्या दिवशी ते हळूच सांगून टाकण्यास हरकत नाही. परीक्षकांनी ऐकले असे वाटल्यास खोकावे.